यादीतून काढलेलं नाव

चर्चच्या मंडळीची प्रार्थनेची यादी दर शनिवारी रंगाऱ्याची बायको टाइप करायची. शाळेच्या कचेरीत तिचा जन्म गेलेला, त्यामुळे हे काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. रविवारी उपासनेत पाळक ती मोठ्याने वाचत. आजाऱ्याचं नाव एकदा यादीत चढलं की दोनच कारणांनी उतरायचं: माणूस बरा झाला म्हणून, नाहीतर देवाघरी गेला म्हणून. तिसरं कारण आजवर कुणाला सुचलं नव्हतं. ते हिला सुचलं.

यादीत सगळ्यात वर तिच्याच नवऱ्याचं नाव होतं. चौदा महिन्यांपूर्वी भिंत रंगवताना तो परांचीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तिने नोकरी सांभाळली, त्याला कुशीवर वळवलं, पाठीला मलम लावलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "देव विश्वासू आहे." शुक्रवारी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पाय आता परत यायचे नाहीत. घरी येऊन तिने नवऱ्याला 'सगळं ठीक आहे' असं ठोकून दिलं. शनिवारी यादीला बसली, तर बोटं त्या नावापाशी अडली. बरा व्हावा म्हणून पुन्हा कोणत्या तोंडाने मागायचं? तिने नाव काढून टाकलं. देवावर रुसायची दुसरी रीत तिला ठाऊक नव्हती.

रविवारी डोकेदुखीचं निमित्त करून ती घरीच राहिली. दुपारी बेल वाजली. दारात नवऱ्याचा जुना जोडीदार सुतार उभा होता, हातात पांढरी फुलं आणि चेहरा पार पडलेला. त्याच्या मागे शेजारच्या शिंपीणकाकू केकचा डबा घेऊन आनंदाने फुललेल्या. जिन्यात दोघांचं काही बोलणं झालेलं दिसत नव्हतं.

"वहिनी, निदान कळवायचं तरी होतं," सुतार फुलं पुढे करत म्हणाला.

"कळवायचं कशाला? आता स्वतःच चालत येईल की दाराशी!" काकू म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, कोण आलंय?"

सुताराच्या हातून फुलं गळून पडली.

खिडकीजवळच्या खाटेवर रंगारी पडून होता. सगळा घोळ लक्षात आल्यावर तो ठसका लागेपर्यंत हसला. "फुलं आणलीस होय? इतक्या वर्षांत साधा चहा पाजला नाहीस, लेका!" मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "माझं नाव का काढलंस?"

"काय लिहू मग? डॉक्टर म्हणाले…"

"पाय येणार नाहीत. मला दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय त्यांनी. तू खचशील म्हणून तुला सांगण्यापासून मीच त्यांना इतके दिवस थांबवलं होतं."

"आणि रोज सकाळी देवाकडे काय मागता मग?"

"पहिला आठवडाभर भांडलो. शिव्या तेवढ्या द्यायच्या बाकी ठेवल्या. पण तो काही उठून गेला नाही. मग तुझ्यासाठी मागायला लागलो." त्याने तिचा हात धरला. "नाव तू काढलंस गं. त्याने नाही काढलं."

चौदा महिने अडवून धरलेलं रडू तिला आलं. चारचौघांसमोर, नाक पुसत, ती ओक्साबोक्शी रडली. काकूंनी डबा खाली ठेवला आणि सुताराला खुणावलं, प्रार्थना कर. पण त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तीच खाटेशी खाली बसली.

"प्रभू, मी तुझ्यावर चिडलेय," ती म्हणाली. "हे चालणार नाहीत, आणि का, ते तू सांगत नाहीस. उद्या सकाळी साडेसहाला यांना उचलून वळवायचंय आणि माझ्या हातात जोर उरला नाही. तू सोडून जाऊ नकोस. एवढंच."

"आमेन," नवरा म्हणाला.

सुताराने बाहीने डोळे पुसले. "साडेसहाला ना?" तो म्हणाला. "मी येतो."