वीस हात कापड

ग्लेनिशा फर्नांडिस चित्रं काढायची, पण हातात ब्रश न घेता. ती पातळ रंग लोकांसमोर कापडावर ओतायची. ते वाहत कुठे जातात, एकमेकांत कसे शिरतात, तेच तिचं चित्र.

गेल्या वर्षी आरोंद्यात, स्वतःच्या गावात, चर्चच्या फेस्ताच्या दिवशी तिने हे पहिल्यांदा करून दाखवलं. पाच मिनिटांत सगळे रंग मिसळले आणि कापडावर शेणकाला उरला. "ह्या शिकूक पाच वर्सां गोंयाक गेलंस?" मागून कुणीतरी विचारलं. मांडवभर हशा पिकला. ग्लेनिशा बादल्या तिथेच टाकून घरी गेली.

पण तिने सोडलं नाही. वर्षभर परसात ती ओतत राहिली. काजूच्या झाडाचा डिंक कमीजास्त घातला की प्रत्येक रंग वेगळ्या चालीने वाहतो, हे तिला कळलं. आणि एक दिवस कोकमाच्या आगळावर, त्या घट्ट रसावर, चुन्याची निवळी सांडली, तर तो लालभडक रंग डोळ्यांदेखत निळा व्हायला लागला. ती एकटीच परसात ओरडली.

जानेवारीत तिने तारकर्लीचा किनारा निवडला. वीस हात लांब मांजरपाट दोन माडांच्या मध्ये पडद्यासारखं टांगायचं, वर भोकं पाडलेला पोकळ बांबू, त्यातून रंग खाली सोडायचे. माडांवर चढायला महादू होता. साठी ओलांडलेला, नारळ काढण्यात जन्म गेलेला.

"बांधतंय मी," गाठ आवळत तो वरून म्हणाला, "पण वारो इलो तर माका इचारू नको."

सकाळी वारा नव्हता. दुपारी चारला दीडेकशे माणसं जमली, आणि नेमका तेव्हाच समुद्रावरून वारा सुटला. ग्लेनिशाने शिडीवरून पहिली बादली बांबूत ओतली. तांबड्या मातीची धार निम्म्यावर आली न आली तोच कापड फुगलं, फडाडलं, आणि सगळा रंग पहिल्या रांगेवर उडाला.

लोक हसले. तेच हसू. शिडीवरून उतरून सरळ मोटारसायकलीकडे चालत जावं, असं ग्लेनिशाला वाटलं.

पहिल्या रांगेत सुगंधा होती. मासे विकणारी, आवाजाने अख्खा किनारा हलवणारी बाई. तिच्या लुगड्यावर लाल शिंतोडे होते. ती हसत नव्हती.

"गो बाय, कापड खंय, ह्या तर शीड झाला! शीड असा बांधून ठेवतत? खाली घी त्येका!"

"खाली घेऊन काय करू, काकी?"

"आमी आसंव मा धरूक! रापण वढणारी माणसां आमी. जाळा धरतंव, तर कापड धरूक येवचा नाय?"

ग्लेनिशाने एकदा फडफडत्या कापडाकडे बघितलं, मग माणसांकडे. दीडेकशे माणसं, तीनशे हात.

"महादूकाका, सोडा!"

"सगळा?"

"सगळा!"

महादू पुन्हा वर चढला, गाठी सुटल्या. कापड खाली येताच सुगंधाने एक कड पकडली आणि हाक घातली. बायका आल्या, जाळी टाकणारे पागी आले, पर्यटकही चपला काढून आले. चारही बाजूंनी कापड कमरेएवढं उंच ताणलं गेलं. मध्ये थोडी झोळ राहिली. वारा आता खालून, माणसांच्या पायांतून जात होता.

ग्लेनिशाने हळद ओतली, माती ओतली, मग आगळ.

"माडाकडचे, वर उचला! सावकाश!"

रंग समुद्राच्या दिशेने सरकला. आगळ पुढे पळालं, माती मागून जड पावलांनी आली, हळद दोघांच्या मधून वाट काढत गेली. काहीच मिसळलं नाही.

"आता समुद्राकडचे!"

सुगंधाने "हेऽऽ वढ!" म्हणून आरोळी दिली आणि पन्नास हात एकदम वर गेले. धारा वळल्या. ग्लेनिशाने निवळीची कळशी उचलली आणि कडेकडेने धावत ती ओतत गेली.

आधी हळद लाल झाली. ती बघून बायका ओळखीचं हसल्या; कुंकू असंच तर बनतं. मग आगळाच्या काठाला निळी रेघ उमटली. रेघ रुंद झाली, फाटे फुटले, आणि लाल पाण्यातून निळा रंग खाडीसारखा आत शिरला.

सुगंधा किंचाळली, "निळा झाला! गो, निळा झाला!" आणि सगळा किनारा ओरडू लागला. कुणी न सांगता माणसं कापड झुलवायला लागली, इकडून तिकडे, रंग जाईल तसं. ग्लेनिशा हातातली कळशी विसरून वाळूत उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मोठ्याने हसत होती.

ते कापड तसंच, झोळ ठेवून, मासे उतरवायच्या शेडच्या छताखाली टांगलं. आठ दिवस लोक खाली उभे राहून माना वर करून बघत होते. आरोंद्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली. सुगंधा प्रत्येकाला आपण धरलेली कड दाखवी.

शेवटच्या दिवशी पुण्याच्या एका कुटुंबाने विचारलं, हे कुणी केलं? महादू तिथेच पाठीवर पडून वर बघत होता. तो उठून बसला, टोपी नीट केली आणि ठेवणीतल्या मराठीत म्हणाला, "आम्ही केलं. ह्या ग्लेनिशाबाईंनी आणि आम्ही. बसा, सगळं सांगतो."