नळीतला पायगुण

कोंबडीच्या पिल्लांच्या पहिल्या बॅचला मर लागली, रोज पिल्लं मरू लागली, तेव्हा सासरे गप्प राहिले. दुसऱ्या बॅचला लागली तेव्हा शेडच्या दारातच म्हणाले, "सूनबाई, आजपासून आत पाऊल टाकायचं नाही."

तिला या घरात येऊन चार महिने झाले होते. पिल्लांचं काम तिला मनापासून आवडायचं.

आदल्या दिवशी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. मेलेलं पिल्लू फाडून म्हणाले होते, "जंतू आहेत. पायांतूनही येतात, बूट धुऊन आत जात जा." पाय कुणाचे, ते सासऱ्यांनी परस्पर ठरवलं. "डॉक्टरसुद्धा पायगुणच म्हणतो," ते मुलाला म्हणाले. मुलगा बुटाची नाडी बांधत राहिला.

पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. पण तपासणीची बाटली सासऱ्यांनी टाकीजवळच्या नळावर भरली होती. पिल्लं पितात ती शेडभर गेलेल्या नळीतून. दुसरी बॅच गेली, शेड रिकामी झाली, तेव्हा सुनेने नळीच्या टोकाचं बूच काढून आत बोट घातलं. बोटाला शेंबडासारखा बुळबुळीत थर आला.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"सुटे जंतू औषधाने मरतात," डॉक्टर म्हणाले. "नळीला चिकटले की मात्र स्वतःभोवती चिकटा तयार करतात आणि आत वस्ती करून राहतात. औषध वरून वाहून जातं. मग त्यातलेच थोडे सुटतात आणि पिल्लांच्या पोटात जातात. पाण्यात गोड काही घालता का? गोडावर हा चिकटा फोफावतो."

घालत होते. नवी पिल्लं आली की सासरे स्वतः टाकीत साखर टाकायचे. "लेकरं प्रवास करून आलीत, तोंड गोड करायला नको?" त्यानंतर नळी कुणी धुतलेली नव्हती.

सुनेने डॉक्टरांचं म्हणणं घरात सांगितलं. "म्हणजे माझ्या हातानं मेली?" सासरे म्हणाले.

"तसं नाही बाबा, नळी धुतली की..."

"घरात येऊन चार महिने झालेत, आणि मलाच पाणी पाजायला निघालीस!"

तरी शेड रिकामी होती तोवर तिने आणि नवऱ्याने दोन दिवस खपून नळी औषधात भिजवली, जोराचं पाणी सोडून धुतली. चिकट्याचे गोळेच्या गोळे बाहेर पडले. नवी पिल्लं आली तेव्हा सुनेला पुन्हा शेडबंदी झाली, पण सासऱ्यांनी साखरेचा डबा उघडला नाही. का, तेही सांगितलं नाही.

तिसऱ्या बॅचला मर लागली नाही.

खाद्य घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याने विचारलं, "काका, काय जादू केलीत?"

"सुनेला शेडबाहेर ठेवलं."

शेजारीच नवरा पोती उतरवत होता. घराच्या खिडकीत उभ्या असलेल्या सुनेने ते ऐकलं आणि सासऱ्यांकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

जेवताना ती म्हणाली, "तू का नाही बोललास? गोळे तूही पाहिलेस."

"जगली ना पिल्लं? कशाला उगाच."

"मग उद्या मी आत येते."

त्याने भाजी वाढून घेतली.

"ही बॅच निघू दे," तो म्हणाला. "परत मर लागली तर?"