एक्क्याण्णवाचा गोल

एकशे आठचा गोल काळा करून सारिकानं पान उलटलं. नव्या पानावरच्या पहिल्या प्रश्नाचा आकडा होता नव्याण्णव.

तिनं तो पुन्हा वाचला. एकशे आठनंतर नव्याण्णव कसा येईल? तिनं मागचं पान पाहिलं. तिथं एक्क्याण्णव ते अठ्ठ्याण्णव असे आठ प्रश्न होते. मग उत्तरपत्रिका पाहिली. एक्क्याण्णवपासूनचे गोल कोरे होते, आणि एकशे एक ते एकशे आठ हे काळेभोर.

तळेगावातल्या त्या केंद्रावर तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिनं हात वर केला. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या.

"मॅडम, दुसरी उत्तरपत्रिका मिळेल?"

"फाटलीय का?"

"नाही. चुकलंय."

"मग नाही मिळत, बाळा. आहे तीच. शांतपणे कर."

चूक कुठून आली हे तिला लगेच कळलं, आणि तेच जास्त लागलं. जानेवारीच्या अखेरीस वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं स्वरूप बदललं होतं. आधी प्रश्न दोनशे असत, त्यातले एकशे ऐंशी सोडवायचे, वीस सोडून द्यायची मुभा. आता प्रश्नच एकशे ऐंशी, सगळे सक्तीचे. मुभा गेली आणि तिच्यासोबत वीस मिनिटंही गेली.

"नव्या उत्तरपत्रिका झेरॉक्स कराव्या लागणार, आई," ती तेव्हा म्हणाली होती.

आई, सविता, कुरवंड्याच्या एका बंगल्यात स्वयंपाक आणि देखभाल करायची. आडवारी पाहुणे नसले की तिथल्या जेवणाच्या टेबलावर सारिकाचा सराव चाले, आणि वेळ लावायला समोर सविता बसे. तिनं कपाटातला जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाहेर काढला.

"आन् ह्या काय चुलीत घालू? कोऱ्या करकरीत हायेत."

"त्यात दोनशे गोल आहेत."

"मंग काय झालं?" सवितानं लाल पेन घेतलं आणि दर पन्नास गोलांतल्या शेवटच्या पाचांवर रेघ मारली. "मोज आता. झाले का न्हाई एकशे ऐंशी?"

झाले होते. जुन्या प्रश्नपत्रिकांतही तिनं तशाच रेघा मारल्या. लोणावळ्याच्या क्लासात मुकुल सर बजावत होते, "सराव नव्याच पत्रिकेवर करा रे." सारिका मान डोलवून घरी आली होती. एकशे ऐंशीची गोष्ट एकशे ऐंशीशी जुळत होती. आकडे कुठले का असेनात. त्यानंतर तिनं एक्केचाळीस पेपर सोडवले. दर वेळी सुरुवात जीवशास्त्रानं, आधी अख्खं पान सोडवायचं आणि मग त्या पानाचे गोल एकदम भरायचे. आणि आधीच्या दोन विषयांतले खोडलेले दहा गोल मध्ये येत, म्हणून दर वेळी जीवशास्त्राचा पहिला गोल एकशे एकचा. हाताला ती जागा पाठ झाली होती. आज डोळ्यांनी एक्क्याण्णव वाचला, पण हात आपल्या जागी गेला.

गेल्या वर्षी सरकारी महाविद्यालयाची जागा अकरा गुणांनी हुकली होती. घरी ठरलं होतं की हा शेवटचा प्रयत्न. सरावात ती गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश मिळालेल्याच्या गुणांपेक्षा साधारण तीस गुणांनी पुढे असे. तीस गुण, एवढीच तिची शिल्लक.

घामानं पेन निसटत होतं. तिनं ते खाली ठेवलं, दहापर्यंत मोजलं, आणि एक्क्याण्णवपासूनचे आठ गोल बरोबर भरले. मग थेट एकशे एकवर गेली. तिथं काळं आधीच झालं होतं. आता फक्त बघायचं होतं, योगायोगानं किती जुळतात. एकशे एक, नाही. एकशे दोन, नाही. एकशे तीन जुळलं. चार, नाही. पाच जुळलं. सहा, नाही. सात, नाही. आठ जुळलं.

चुकीच्या गोलाशेजारी बरोबर गोल भरून उपयोग नव्हता. दोन भरले तरी उत्तर चूकच. पाच प्रश्नांचे वीस गुण मिळणार नव्हते आणि पाच वजा होणार होते. तिसातून पंचवीस गेले.

घड्याळात दोन बावीस. तिनं यापुढे दर गोलाआधी आकडा ओठांत पुटपुटायचा ठरवला. त्यात वेळ जात होता, आणि वेळ आता उसना मिळणार नव्हता. रसायनशास्त्र संपलं तेव्हा भौतिकशास्त्राला बावन्न मिनिटं उरली होती. वर्तुळाकार गतीचे प्रश्न ती दोन वर्षं मुभेत सोडून देत आली होती. आज त्यातले तीन समोर होते. दोन सुटले. तिसऱ्यात दोन पर्याय खोडता आले. तिनं उरलेल्या दोघांतला एक भरला आणि घंटा झाली.

फाटकाबाहेर सविता उभी होती. मे महिन्यातला रविवार, बंगला पाहुण्यांनी भरलेला, तरी ती सुट्टी मागून आली होती.

"वेळ पुरला का गं?"

"पुरला."

जिना उतरताना सारिकानं ठरवलं होतं, सांगायचं नाही. सवितानं पिशवीतून कागदात गुंडाळलेली चपाती-भाजी काढली. कागदावर गोल होते, आणि गोलांवर लाल रेघ. सारिकाचा हात तिथंच थांबला.

"काय झालं? खा की."

"आई, मी एक्क्याण्णवच्या जागी एकशे एकपासून भरलं. आठ गोल."

सविता कागदाकडे बघत राहिली. समजायला तिला वेळ लागला नाही. एक्केचाळीस वेळा ती समोर बसली होती.

"रेघा म्या मारल्या," ती हळूच म्हणाली.

"सरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"किती गेलं?"

"पंचवीस."

"आन् हातात?"

"पाच. तेही सरावासारखं गेलं असेल तर. आणि गेल्या वर्षीएवढाच आकडा लागला तर."

शेजारून कुणाचा तरी बाप ओरडत गेला, "फिजिक्स लय अवघड व्हतं म्हनं!" सवितानं त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पाच खरंच हायेत? का माझ्यासाठी म्हनतीस?"

"अंदाज आहे."

"अंदाज नगं. मोज."

तिनं चपाती पिशवीत परत ठेवली, कागद पदरानं पुसला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. सारिका फाटकाजवळच्या पायरीवर बसली. सवितानं तिच्या हातातली, भरलेल्या पर्यायांवर खुणा असलेली प्रश्नपत्रिका घेतली, जीवशास्त्राचं पहिलं पान उघडलं, आणि आकड्यावर बोट टेकवून मोठ्यानं वाचला.

"एक्क्याण्णव."

सारिकानं कागदावर लिहिलं, एक्क्याण्णव.