पुलाव खाणारं मोकाट जनावर

गेल्या पंधरवड्यात आमच्या कोंडवाड्यात एक रानडुक्कर रात्रभर कोंडलेलं होतं आणि त्याला सोडवायला खुद्द रेंजर साहेब जीप घेऊन आले होते. असं काही झालेलं नाही. कोंडवाड्याचं रजिस्टर मीच लिहितो, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे. ते पान मीच फाडलं.

तर जे झालं नाही, ते असं.

मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगलाला लागून आमचं गाव. गावाबाहेर वनखात्याचं विश्रामगृह. तिथल्या पाहुण्यांना रानडुकरं बघायची भारी हौस, पण त्यासाठी जंगलात चालायची नाही. म्हणून खानसामा मुखरू रोज चार वाजता मागच्या अंगणात उरलेला पुलाव आणि पुऱ्या टाकायचा. पाहुणे व्हरांड्यात चहा पीत, डुकरं अंगणात जेवत. दोन वर्षांत डुकरं पाहुण्यांपेक्षा वेळेवर येऊ लागली.

आधी हीच डुकरं नाल्याकाठी कंद उकरायची. आता भाताची चटक लागली. पाहुणे काही रोज नसतात, आणि मुखरूची चूल थंड दिसली की ही मंडळी सरळ शेजारच्या वच्छलाबाईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायची. बाईचं धान दुधात आलेलं. पाचातली एक बांधी पार लोळवलेली. बाकीच्या चार वाचवायच्या तर अंगणातली पंगत बंद करा, एवढंच तिचं म्हणणं.

ती रेंजर साहेबांकडे गेली, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की रानडुक्कर कंदमुळं आणि किडे खातं, जंगलात दोन्ही भरपूर आहेत, तेव्हा धान खाणारं जनावर रानडुक्कर असूच शकत नाही. गावातली मोकाट गुरं असतील. मोकाट गुरांचं पंचायतीत बघा.

बाईने बघितलं. मुखरूकडून टोपलीभर पुलाव आणला. त्यानेही लगेच दिला. पाहुणे दोन वर्षं डुकरांची तारीफ करत होते, पुलावाची कोणी केली नव्हती. बाई पुढे मूठ-मूठ टाकत चालली आणि मागून एक सुळेवालं डुक्कर, लग्नाच्या पाहुण्यासारखं, घाई न करता, भर गावातून कोंडवाड्यात शिरलं. बाई पलीकडच्या कुंपणावरून बाहेर आली आणि मी फाटक लावलं.

"लिहून घे," बाई म्हणाली. "मोकाट जनावर. साहेबानंच सांगतलं."

मी मालकाचं नाव विचारलं.

"चारते कोन? इश्रामगृह लिही."

आमच्याकडे गुराच्या मालकीचा वाद झाला की जनावर कोणाच्या गव्हाणीवर जातं ते बघतात. दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा सगळ्या गावासमोर तेच केलं. एका बाजूला ताजा उकरलेला कंद ठेवला, दुसऱ्या बाजूला पुलाव. डुकराने कंद हुंगला, त्याच्याकडे पाठ केली आणि पुलावातल्या मनुका आधी वेचून खाल्ल्या. निकाल लागला.

साहेबांनी जनावर सोडायला सांगितलं. मी रजिस्टर पुढे केलं. मालक म्हणून सही केली तर डुक्कर त्यांचं, नाही केली तर जनावर कोंडवाड्यात. बाई फाटकाला पाठ लावून खाली बसली.

"तुमचं नसन तं जा ना, साहेब," ती म्हणाली. "आमच्या मोकाट जनावराचं आमी पाहून घेऊ."

साहेबांनी बराच वेळ पेन उघडंच धरलं. मग सही न करताच पेनाचं टोपण लावलं, पंगत आजपासून बंद म्हणून मुखरूला बजावलं आणि मला म्हणाले, हे झालेलंच नाही. तेव्हा कुठे बाई उठली. मी पान फाडलं. डुक्कर जीपच्या मागे मागे विश्रामगृहाकडे गेलं. चार वाजत आले होते.

पंगत खरंच बंद झाली. फक्त डुकरांना ते कोणी कळवलं नाही. ती रोज चारला येतात, रिकाम्या अंगणात दहा मिनिटं वाट बघतात, आणि मग बाईच्या बांधीत जातात. कापणीला अजून पंधरा दिवस आहेत.

काल बाई परत आली, समोर बसली आणि लिही म्हणाली. मुद्दे तिचे, भाषा माझी:

"महोदय, रानडुक्कर कंदमुळे खाते, असे आपण सांगितले. सदर बाब सदर डुकरांस ठाऊक नाही. तरी कापणीपूर्वी त्यांना कंदमुळे खाण्याचा लेखी आदेश देण्यात यावा, आपण स्वतः सायंकाळी बांधीवर उभे राहून तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्याची एक-एक प्रत प्रत्येक डुकरास पोच घेऊन देण्यात यावी, ही नम्र विनंती."