अंगठ्यावरचे दोन ठिपके

नर्सनं तिसऱ्यांदा सईबाईंच्या कोपराच्या खळगीत टिचक्या मारल्या, शीर शोधली आणि सुई टोचली. सईबाईंनी डोळे मिटले. शार्दूलनं भिंतीवरची लसीकरणाची सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. तमिळ त्याला बोलण्यापुरतं यायचं, अक्षरं येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"काय चावलं ते कळत नाही तोवर सोडता येणार नाही," डॉक्टर विजयालक्ष्मी तमिळमध्ये म्हणाल्या. "सापही असेल. दर तासाला रक्त गोठतंय का, बघावं लागेल."

काय चावलं ते शार्दूलला पक्कं ठाऊक होतं. कॉटखालच्या डब्यात त्यानं टॅरंट्युला पाळला होता. झाकण सैल राहिलं, कोळी बाहेर पडून सदऱ्यात जाऊन बसला, आणि घरमालकीण सईबाईंनी जमिनीवरचा तो सदरा घडी घालायला उचलला, तसा त्यांच्या अंगठ्याला चावला.

मैलापुरात एकट्या पोराला खोली मिळत नाही. तंजावरकडच्या सईबाईंनी त्याला ठेवून घेतलं ते तो मराठी बोलतो एवढ्यावर. त्या घरात आठ पायांचा पोटभाडेकरू निघाला म्हटल्यावर बिऱ्हाड गेलंच.

आणि हा कोळी चावला म्हणजे दर वेळी विष सोडतोच असं थोडंच आहे? पुष्कळदा नुसती तंबी देतो. ऑफिसात शार्दूलनं हे कितीदा ऐटीत सांगितलं होतं. तेव्हा समोर कुणाचा अंगठा नव्हता. सूज नाही, पेटके नाहीत. म्हणजे विष नाही. मग बोलायचं कशाला?

तासाभरानं नर्स चौथ्यांदा आली. सईबाई तिला हळूच म्हणाल्या, "दुसरा हात घे गं अम्मा. हा आता रडतो."

शार्दूल उठला.

"डॉक्टर, कोळी होता. टॅरंट्युला. माझा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तीन तास इथंच बसलायस. आत्ता आठवलं?"

त्यानं तोंड उघडलं, पण सईबाईच बोलल्या, "काय चावलं ते त्याला काय ठाऊक? मी पाहिला होता तो किडा. मीच नाही सांगितलं."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, अंगठा उलटसुलट दाबला. "बहुतेक विष सोडलंच नाही त्यानं. थोडा वेळ बाहेर बसा, मग घरी जा." त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

"मावशी, मी..."

"बघितलें रे मीं," सईबाई आता मराठीत बोलल्या, अगदी मवाळ आवाजात. "दाराशींच बसलें होतें. आधीं त्याला डब्यांत घातलेंस. मग मला आटोरिक्षांत."

शार्दूलची मान खाली गेली.

"तूं सांगशील म्हणून वाट पाहिली. सांगितलेंस. परवाइल्ला, असूं दे."

त्यानं वाकून त्यांच्या चपला पायाशी सरळ मांडल्या. सईबाईंनी त्यांत पाय सरकवले आणि उठण्यासाठी हात पुढे केला, नर्सकडे.