खडक फोडून सरळ

काटासाहेबांनी बुटाच्या टाचेने फक्कीची पांढरी रेघ पुसून टाकली आणि मेहुण्याकडे रोखून बघितलं.

“रस्ता खडकाला वळसा घालून जाईल. माझ्या जमिनीत, माझ्या पैशाने, मला हवा तसा.”

“भाऊजी, सरळ नेला तर बरं पडेल,” मेहुणा म्हणाला. “खडक काय, दिवसभरात फुटेल.”

“बरं पडेल, पण कुणाला?”

खडकाच्या पलीकडे साहेबांची हद्द संपत होती आणि तिला लागून मेहुण्याची पडीक जमीन होती. त्या जमिनीला जायला वाट नव्हती; रस्ता सरळ गेला तर ती आपोआप होणार होती. आता बोला! साहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती काही उगाच नाही.

तशी त्यांच्या मनातल्या पालीला उसंत कधीच नसायची. सगळी नोकरी दुकानादुकानांतून वजनमापं तपासण्यात गेलेली. पारड्याच्या खाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते लांबून ओळखायचे, म्हणून बाजाराने त्यांचं नाव काटासाहेब पाडलं. निवृत्त झाले, वजनं सुटली, पण संशय काही सुटेना. दूधवाला, डॉक्टर, सख्खा भाऊ, कुणाच्याही पारड्याखाली ते एकदा हात घालून बघणारच. त्यापायी ठरत आलेलं घर दोनदा मोडलं. एकदा विकणाऱ्याचा संशय, एकदा बांधणाऱ्याचा. बायकोने आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

आता कुठे गावाबाहेर ही मोकळी जमीन झाली होती. विटा-सिमेंटचे ट्रक आत यायचे तर आधी रस्ता हवा. म्हणून माती उकरून, खाली मोठे दगड, वर खडी आणि त्यावर मुरूम दाबत दाबत काम खडकापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. एका कडेला मेहुण्याने स्वतःच्या खर्चाने उभे दगडही लावून टाकले होते. फुकट कोण देतं हो? ठेकेदाराने तर बजावलंच होतं, “साहेब, उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. नाहीतर मी रोलर दुसरीकडे नेतो.”

“सरळच करा ना हो,” घरी बायको म्हणाली. “आणि दगड दुसऱ्या कडेलाही लावा. जरा वर आलेले.”

“दगड कशाला? शोभेला?”

“असू द्या. माझी एवढी एक हौस.”

हौस! हा शब्द तिच्या तोंडून साहेबांनी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे भावानेच पढवलेला. शिवाय हल्ली दुपारची ती ‘शिंपिणीकडे जाऊन येते’ म्हणून निघायची आणि परत यायची ती चपलांना तांबडा मुरूम लावून. साहेबांनी चपला उचलून, उजेडात धरून तपासल्या होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं. बहीणभाऊ मिळून आपली जमीन घशात घालणार आणि या वयात आपण पुन्हा भाड्याच्या खोलीत, या विचाराने त्यांना त्या रात्री घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली. मागची बस पकडून साहेब पोचले.

ती रस्त्यावर एकटीच होती. कडेच्या दगडांना पाऊल लावत चालायची, थांबायची, पुन्हा पाऊल टाकायची.

“मोजतेय!” साहेब मनात म्हणाले. “भावासाठी मोजणी चाललीय!”

ते शेतातून भरभर पुढे गेले आणि तिच्या वाटेत, भर उन्हात, हाताची घडी घालून उभे राहिले. आता बघू काय सांगते! ती जवळ आली. तिने मान वर केली. साहेब कडाडणार एवढ्यात ती हसली.

“दादा, आलास?”

साहेबांनी मागे वळून बघितलं; तिथे कुणीच नव्हतं.

“आज एकदाही कड सोडली नाही बघ. पुढे सरळ झालं ना, की दारापर्यंत एकटी येईन मी. वळण असलं की चुकते रे.” मग आवाज उतरवून म्हणाली, “ह्यांना इतक्यात सांगू नकोस हं. डोळे आता बरे व्हायचे नाहीत, हे डॉक्टरने सांगितलेलं त्यांना पटायचं नाही. दहा दवाखाने हिंडवतील आणि घर पुन्हा राहून जाईल. थोडंफार दिसतंय तोवर मला माझं घर बघायचंय.”

“हं,” साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. ते बाजूला झाले आणि ती दगडांना पाय लावत त्यांच्या अंगावरून पुढे गेली.

रस्त्याच्या तोंडाशी मेहुणा भेटला. साहेबांना बघून त्याचा चेहरा उतरला.

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

“वर्ष होत आलं, भाऊजी. मीच नेलं होतं दाखवायला. तिने शपथ घातली हो.”

वर्ष! पारड्याखालचं मेण ओळखणाऱ्या माणसाला रोज समोर बसून भाजी निवडणारी बायको दिसली नव्हती. साहेबांना स्वतःची इतकी लाज वाटली की भर रस्त्यात रडू येईलसं झालं.

“आणि सरळ रस्ता?”

“तिचंच म्हणणं. माझ्या जमिनीला वाट होते हेही खरं. खोटं कशाला बोलू?”

“होऊ दे,” साहेब म्हणाले. “आणि एक ऐक. मघाशी तिच्या वाटेत तू उभा होतास, मी नाही. तू ‘हं’ म्हणालास. विसरू नकोस.”

मेहुण्याने मान हलवली.

संध्याकाळी बायकोच्या देखत साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला. “खडक फोडा. हो, हो, सरळ. आणि कडेचे दगड दोन्ही बाजूंनी हवेत मला.”

“अगंबाई! कसं काय मन बदललं?” तिने विचारलं.

“वळणाला मुरूम जास्त लागतो,” साहेब म्हणाले. “मोजून बघितलं मी.”

“तुम्ही मोजलंत म्हणजे बोलायलाच नको,” असं म्हणून ती त्यांच्याकडे बघून मनापासून हसली. पण बघत होती ती शेजारच्या खुंटीवर टांगलेल्या शर्टाकडे. साहेब आवाज न करता सरकले आणि त्या शर्टाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.