साठावा नेम

धाकट्या जावेचा हात एकदा तरी थरथरावा, एवढी एकच इच्छा थोरली चार वर्षं मनात बाळगून होती. तशी ती वाईट बाई नव्हती. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला नेमबाजीच्या क्लबात हीच घेऊन गेली, पिस्तूल धरायला हिनेच शिकवलं, वर स्वतःचे जुने बूटही दिले. दुसऱ्या वर्षी त्याच बुटांत उभं राहून धाकटीने हिला हरवलं. तेव्हापासून ते बूट दाराशी दिसले तरी थोरलीच्या डोळ्यांत खुपायचे.

सरावात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासायची, केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. क्लबात ती दहावर दहा मारत सुटली की शेजारचे आपला नेम सोडून तिचा बघत राहायचे. पण स्पर्धा म्हटलं की हिच्या मनगटाला कंप सुटायचा. मग तिने मोठमोठ्या खेळाडूंची कात्रणं जमवली. एक म्हणे श्वास मोजतो, एक आदल्या दिवशी डोळे मिटून आख्खा सामना खेळून घेते, एक कायम डावा बूट आधी बांधतो. थोरलीने श्वास मोजले, डोळे मिटले, डावा बूट आधी बांधला. गुण होते तिथेच राहिले.

धाकटीची नोकरी टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. दिवसभर अनोळखी लोकांच्या शिव्या खायची सवय असल्यामुळे की काय, स्पर्धेतही ती ढिम्म असायची. नेम मारायचा, पिस्तूल खाली ठेवायचं, दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी एका कळकट वहीत काहीतरी खरडायचं आणि मगच कुठे लागलं ते बघायचं. दहा लागो नाहीतर सहा, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

"हिला कशाचं काही वाटतच नाही बाई," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. नेमबाजीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कौतुक कोणाचं करायचं ते पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी थोरली ताटं जरा जोरातच मांडायची.

या खेपेला संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी दोघी जावा उभ्या होत्या, आणि थोरली चाळिशीच्या उंबरठ्यावर होती. पुढच्या वर्षी आपल्याला कोणी विचारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. धाकटीपुढे अजून दहा वर्षं पडली होती, याचाही तिला राग होताच.

साठ नेम मारायचे होते. प्रत्येक नेमाला काळं वर्तुळ छापलेलं एक कोरं कार्ड दोरीवरून दहा मीटर लांब जायचं, बरोबर मधोमध लागलं की दहा गुण. सात नंबरच्या जागी धाकटी, आठ नंबरला थोरली, मागच्या बाकावर सासूबाई. आणि नवल म्हणजे एकोणसाठ नेम झाले तेव्हा मागच्या फळ्यावर थोरली नऊ गुणांनी पुढे होती. तिचा हात त्या दिवशी लागला होता, आणि धाकटीचे मधले चार-पाच नेम पार वाया गेले होते. शेवटच्या नेमाला दोन गुण मिळाले तरी जागा थोरलीची. एवढं तर तिने डुलकी घेऊनही मारलं असतं.

पण समोर बघेल ती थोरली कसली. हरताना ही बाई कशी दिसते, हे तिला डोळे भरून बघायचं होतं. ती मान वळवून धाकटीकडे आणि तिच्या कार्डाकडे टक लावून राहिली.

धाकटी घोटभर पाणी प्यायली. पिस्तूल उचललं, नेम मारला, खाली ठेवलं. मग वही ओढून, वाणसामानाची यादी करावी तितक्या शांतपणे एक ओळ लिहिली. हात थरथरला नाही.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हरतानाही हिचं काही बिघडत नसेल, तर आपण जिंकून मिळवलं काय? त्या संतापातच तिने पिस्तूल उचललं. नजर जिथे खिळली होती तिथेच राहिली. समोर काळं वर्तुळ होतं, त्याच्या मधोमध तिने घोडा दाबला. असा नेम तिला स्पर्धेत जन्मात लागला नव्हता.

तिने दुर्बिणीतून बघितलं. आठ नंबरचं कार्ड कोरं होतं.

शेजारी धाकटीने हात वर केला. पंच आले, सात नंबरचं कार्ड दोरीवरून ओढून घेतलं. त्यावर दोन भोकं होती. एक बरोबर मधोमध, दहाचं. दुसरं डावीकडे खाली, आठचं.

"आठ नंबरवाल्या बाईंनी शेजारच्या कार्डावर मारलंय. त्यांना शून्य," पंच म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "तुमचं कुठलं ते सांगता येत नसेल, तर नियमाने मोठं तुम्हाला मिळतं."

थोरलीने मनातल्या मनात गुण जोडले. धाकटीने दहा घेतला, तर ती एका गुणाने पुढे जाते. आठ घेतला, तर थोरली एका गुणाने राहते.

"सांगता येतं की," धाकटी म्हणाली. "माझा आठ." आणि तिने वही पुढे केली.

'डावीकडे खाली गेला. आठ.' पंचांनी ओळ वाचली, मान डोलावली आणि फळ्यावर थोरलीच्या नावापुढे खूण झाली. थोरली जिंकली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिचा नुसता जळफळाट झाला. जिंकायलासुद्धा आपल्याला हिचाच खरेपणा लागला, हे तिच्या घशाखाली उतरेना.

पिस्तुलं पुसायच्या खोलीत दोघीच होत्या.

"फळा बघितला नव्हतास का?" थोरलीने विचारलं.

"बघितला होता ना. नऊचा फरक."

"मग दहा का नाही घेतलास? नियमात बसत होतं."

"ताई, मारलाच नव्हता तो मी," धाकटी पिस्तुलाची नळी पुसत म्हणाली. "तो घेतला असता तर उद्यापासून वहीत काय लिहिलं असतं? मला दुसरं काही येत नाही हो. तुम्ही श्वास मोजता, ते मी करून बघितलं, मला जमलं नाही. मी आपलं हाताला जे जाणवलं ते बघायच्या आधीच लिहिते, म्हणजे ते तिथेच संपतं."

तिने वही थोरलीच्या हातात दिली. थोरलीने आजचं पान काढलं. वाकडंतिकडं अक्षर, प्रत्येक नेमाची एक ओळ. 'घाबरले. हात हलला. सात.' 'घाबरले, तरी नऊ.' 'सासूबाई बघतायत. आठ.' तेहतिसाव्या नेमापुढे लिहिलं होतं, 'ताईंचा हात किती स्थिर आहे आज. पोटात दुखलं. सहा.'

थोरलीने ती ओळ तीनदा वाचली. चार वर्षं जे बघायला ती तडफडत होती, ते या वहीत पानोपानी लिहिलेलं होतं.

"शेवटची ओळ रिकामी आहे, तिथे तुमचा लिहा," धाकटीने पेन पुढे केलं.

थोरलीने पेन घेतलं. तिचा हात चांगलाच थरथरत होता, आणि समोर धाकटी बघत होती. तिने लिहिलं, 'दहा. जावेच्या कार्डावर. चार वर्षं तिथेच बघत होते.'